मोटर चालू, गेजवर प्रेशर फुल, तरी टोकाला पाणी निम्मंच येतंय

हा प्रॉब्लेम ज्याच्या लाईनीत एकदा शिरला त्याला माहितीय, दुरुस्त केला की आठ-दहा दिवस बरं चालतं आणि परत पहिल्यासारखं. आमच्याकडे दोन उन्हाळे हेच चाललं होतं. विहीर ओढ्याच्या काठाला, रान वर माळाला, मधे ९०० मीटर पीव्हीसी लाईन, ७५ एमएमची, सहा किलो दाब सोसणारी. मोटर ५ एचपी मोनोब्लॉक. विहिरीतल्या पाण्यापासून रानातल्या तोंडापर्यंत सरळ उंची साधारण २८ मीटर. रात्री लाईट आली की मोटर सुरू, आणि वर जाऊन बघावं तर पाइपातून पाणी फुर्रर्र फुस्स करत येतंय, मधेच जोरात मधेच थेंब थेंब, तासाभराने धार लागायची पण तीही निम्मीच. ऊस शेवटच्या सऱ्यांना वाळायला लागला तेव्हा मग हात धुवून मागे लागलो.

आधी काय काय केलं ते सांगतो, कारण बहुतेक जण ह्याच क्रमाने पैसे घालवतात. पहिल्यांदा फूटवॉल बदलला, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या तळाचा, पाणी मागे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह. मग पंप खोलून इंपेलर, म्हणजे आतलं पाणी फेकणारं चक्र, बदललं. मग एकाने सांगितलं मोटर कमी पडतीय, साडेसातची टाका. आणि मी ती टाकणारच होतो. ती टाकली नाही हे फार बरं झालं, का ते पुढे येईल.

ज्या दिवशी मी अंदाज सोडून मोजायला लागलो त्या दिवशी गाडी रुळावर आली. मोजायला दोनच वस्तू लागल्या. एक २०० लिटरचा ड्रम आणि मोबाईलमधलं घड्याळ, दुसरं म्हणजे पंपाच्या डिलिव्हरीवर, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या बाजूला, लावलेला प्रेशर गेज. गेज नसेल तर आधी तो लावा, त्याच्याशिवाय तुम्ही अंधारात चाचपडताय. १ किलो प्रेशर म्हणजे १० मीटर उंचीचं पाणी, हे एवढं डोक्यात ठेवलं की गेज वाचता येतो.

लाईन चांगली चालते तेव्हा आमचा ड्रम ४० सेकंदात भरतो, म्हणजे सेकंदाला ५ लिटर. गेजवर ४.७ किलो. बिघडलेल्या रात्री ड्रमला ५८ सेकंद लागले, म्हणजे साडेतीन लिटरच्या आत, आणि गेजवर ५.१. पाणी कमी झालं आणि प्रेशर वाढलं. इथेच अर्धं उत्तर आहे, आणि मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर दोन उन्हाळे वाचले असते. पाणी कमी आणि प्रेशर जास्त, म्हणजे पंप ठणठणीत आहे, पुढे लाईनीत काहीतरी अडवतंय. पाणी कमी आणि प्रेशरही कमी, म्हणजे दोष पंपात किंवा सक्शनला (विहिरीतून पंपापर्यंतच्या पाइपात) किंवा मग पुढे पाइप कुठेतरी फुटलाय. आणि काटा नुसता थरथरत असेल तर सक्शनमधून हवा जातीय हे जवळजवळ नक्की. मी फूटवॉल आणि इंपेलर बदलत बसलो होतो, आणि गेज पहिल्या दिवसापासून सांगत होता की दोष पंपाच्या पुढे आहे.

आता पुढे म्हणजे कुठे. ९०० मीटर चर खणून बघणार का? नाही. त्याआधी पाणी पाइपातून जाताना काय होतं ते समजून घ्यायला लागतं, थोडं धीराने वाचा.

पंप जो जोर देतो तो दोन ठिकाणी खर्च होतो. एक पाणी वर चढवायला, आमचे २८ मीटर, ते काही केलं तरी द्यायलाच लागतात. दुसरा पाइपाच्या भिंतीला घासून पाणी पुढे ढकलायला, आणि इथे फार मोठी मेख आहे. आमच्या ७५ एमएमच्या पाइपाला आतून सुमारे ६९ एमएमचं भोक असतं, त्यातून सेकंदाला ५ लिटर न्यायचे तर ९०० मीटरमध्ये साधारण २४ मीटर जोर नुसत्या घर्षणात जातो. तेच ९० एमएमचा पाइप असता तर १० मीटर. एका साईजचा फरक आणि घर्षण निम्म्याहून खाली, कारण व्यास वाढला की घर्षण जवळजवळ पाचव्या घाताने उतरतं. म्हणून पाइप घेताना दुकानात थोडक्या पैशासाठी एक साईज खाली येऊ नका, ते पैसे पुढची वीस वर्षं लाईटबिलात भरायला लागतात.

आणि मोटर वाढवली तर? पाणी दुप्पट करायला गेलं तर घर्षण दुप्पट होत नाही, साडेतीन पटीच्या वर जातं. आमच्या लाईनीत ५ ऐवजी ७ लिटर काढायचे म्हटलं तर घर्षणच ४५ मीटर होतं, अधिक २८ उंची, झाले ७३. मोटर पाण्याच्या वर साधारण ५ मीटरवर आहे ते वजा केलं तरी गेजवर ६.८ किलो येणार. पाइप सहा किलोचा! साडेसातची मोटर बसवली असती तर पाणी वाढण्याच्या आधी पंपाजवळचा पाइपच फुटायचा धोका होता, आणि मूळ दोष होता तिथेच राहिला असता. कोणी मोटर वाढवा म्हटलं की आधी हा हिशोब घाला, मग खिशाला हात लावा.

तर मग आमच्या लाईनीत अडवत होती हवा.

बऱ्याच जणांना वाटतं हवा हलकी, पाण्याचा जोर आला की निघून जाईल पुढे. नाही जात. आमची लाईन विहिरीपासून चढते, मधे एक टेकाड आहे त्यावरून जाते, मग पलीकडे घळीत सुमारे ४० फूट उतरते, परत चढते, एका बांधाजवळ आणखी एक उंचवटा, तिथून १५ एक फूट उतार आणि शेवटी रान. हवा नेहमी उंच जागेला जाऊन बसते. टेकाडावर बसली की पाणी तिच्या खालून पातळ धारेने पलीकडच्या उतारावर घरंगळतं, आणि हवा त्या उताराच्या पाइपात वरच्या बाजूला लांबच्या लांब पसरून राहते. पाणी तिला खाली ओढायला बघतं, ती वर यायला बघते. आमच्यासारख्या सेकंदाला १.३ मीटर वेगाच्या लाईनीत ती सगळी निघून जाईल ह्याची खात्री नाही, आणि वेग आणखी कमी झाला की ती घट्टच बसते.

नुकसान कसं होतं ते बघा. पाइप गच्च भरलेला असेल तर टेकाड चढताना पाण्याने जेवढी उंची घातली तेवढी पलीकडे उतरताना परत मिळते, पंपाच्या खिशातून काही जात नाही, टेकाड असो नसो हिशोब सारखाच. पण उतारावर हवा बसली असेल तर तिथे पाणी पाइप भरून उतरत नाही, नुसतं ओघळतं, आणि ओघळलेल्या पाण्याचा जोर परत मिळत नाही. जेवढ्या उभ्या उंचीत हवा बसलीय तेवढे मीटर थेट वजा. टेकाडापलीकडचे ४० फूट आणि बांधाजवळचे १५, दोन्ही उतार हवेने भरले तर ५५ फूट, म्हणजे १६-१७ मीटर गायब. दोन उंचवटे असले की तोट्याची बेरीज होते. पाइप धडधाकट, कुठे गळती नाही, कचरा नाही, आणि तरी पंपाला वाटतंय आपण आणखी एक टेकडी चढतोय. ड्रमने जे ५८ सेकंद दाखवले ते ह्या हिशोबात अगदी बसतात.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात नळातून पाणी आणलं, त्या वाटेवर ठिकठिकाणी दगड-विटांचे मनोरे बांधलेत, त्यांना उच्छ्वास म्हणतात. नळातली हवा बाहेर पडायला जागा. नावच बघा किती नेमकं दिलंय, पाण्याने श्वास सोडायची जागा. त्या माणसांकडे गेज नव्हता, मोटर नव्हती, पण पाणी आणि हवा एकत्र नांदत नाहीत हे कळत होतं, मला त्याचं फार कौतुक वाटतं.

मग आमच्या लाईनीला उच्छ्वास का नव्हता? होता. चुलत्यांनी लाईन टाकली तेव्हा टेकाडावर हवेचा व्हॉल्व्ह बसवलेला होता. दोन वर्षांपूर्वी तो ठिबकायला लागला, पाणी वाया जातंय म्हणून मी तो काढून तिथे एण्डकॅप (बूच) मारली आणि वर माती ओढली. प्रॉब्लेम सुरू झाला तो त्याच उन्हाळ्यात. तुमच्या लाईनीत आता व्हॉल्व्ह नसेल तर घरातल्या जुन्या माणसाला विचारा कुठे होता का, बऱ्याच ठिकाणी असाच काढून टाकलेला सापडतो.

जागा नक्की कुठली हे डोळ्याने ठरवू नका. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, त्यात पाणी भरा, मधे बुडबुडा राहू देऊ नका, आणि लाईनीच्या बाजूबाजूने दोघांनी टप्प्याटप्प्याने उंची घेत जा. रान सपाट दिसतं ते सपाट नसतं. बांधाजवळचा उंचवटा मला कधीच दिसला नव्हता, नळी लावल्यावर कळला. आणि मोजायची ती पाइपाची उंची, जमिनीची नाही, जिथे शंका येईल तिथे हातभर खणून पाइप बघायचा, कारण जेसीबीने कुठे पाइप तुटला असेल आणि जोडताना खडक लागला म्हणून वर घेतला असेल तर सपाट रानातही उंचवटा तयार होतो.

टेकाडावरची माती काढली, मोटर बंद ठेवूनच एण्डकॅप कापली, तिथे अर्ध्या इंचाचा कॉक बसवला, पाइप चिकटवायचं सोलुशन वाळायला दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ दिला. हे काम चालू लाईनीवर कोणी करू नका, आतली दाबलेली हवा कॅप गोळीसारखी उडवते, डोळा जाऊ शकतो. दुसऱ्या रात्री भाऊ मोटरीवर, मी टेकाडावर बॅटरी घेऊन. मोटर सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबलो आणि कॉक थोडा उघडला. सायकलच्या चाकाची हवा सोडल्यासारखा सूं आवाज, हाताला गार वारा, वास ओल्या शेवाळाचा. तो वारा चार-पाच मिनिटं चालला, मी मोजत होतो. मग थुंकल्यासारखं पाणी, मग दुधासारखं पांढरं पाणी, आणि हळूहळू ते नितळ झालं. कॉक बंद केला, बांधाजवळच्या उंचवट्यावर पण त्याच दिवशी कॉक बसवला होता तिथे जाऊन तेच केलं, आणि रानात पळत गेलो ड्रम लावायला. ४१ सेकंद! आणि भावाने फोनवर सांगितलं गेज ४.७.

कॉक हा तात्पुरता उपाय, रोज रात्री टेकाडावर कोण जाणार. आम्ही मग दोन्ही ठिकाणी आपोआप चालणारे एअर व्हॉल्व्ह बसवले. ह्यात आतमध्ये एक गोळा असतो, हवा आली की गोळा खाली पडतो आणि हवा जाते, पाणी आलं की गोळा तरंगून भोक बंद करतो. घेताना डबल अ‍ॅक्शनचा मागा, जो लाईन भरताना भरपूर हवा सोडतो आणि चालू लाईनीत साठणारी थोडी थोडी हवाही सोडत राहतो. नुसत्या मोठ्या भोकाचा असतो तो एकदा प्रेशरने बंद झाला की नंतर जमलेल्या हवेला उघडत नाही. काही जण टेकाडावर नुसता उभा उघडा पाइप ठेवतात. तो चालतो, पण कुठे, तर जिथे पाइपातला दाब कमी आहे आणि उभा पाइप त्या दाबाच्या पाण्यापेक्षा उंच आहे तिथेच. आमच्या टेकाडावर चालू लाईनीत दीडेक किलो दाब असतो, म्हणजे उभा पाइप १५ मीटर लागला असता, तो कुठे उभा करणार. टाकीच्या जवळ, तोंडाच्या जवळ ठीक आहे. आणि व्हॉल्व्ह ठिबकायला लागला तर तो बंद करू नका, खोला, गोळ्याच्या वरच्या रबरात वाळूचा कण अडकलेला असतो, तो काढला की झालं.

आता हवा येते कुठून, कारण हे बंद केल्याशिवाय रोज व्हॉल्व्हच्या जिवावर राहायला लागेल. आमची हवा येत होती रात्रीत लाईन रिकामी होऊन. फूटवॉल किंचित गळत असला की मोटर बंद झाल्यावर लाईनीतलं बरंचसं पाणी हळूहळू मागे विहिरीत जातं आणि रानातल्या उघड्या तोंडातून हवा आत ओढली जाते. मी फूटवॉल बदलला तेव्हा आठ-दहा दिवस बरं चाललं ते म्हणूनच, नवा होता तोवर लाईन भरलेली राहायची, मग त्यात परत पालापाचोळा अडकला. टेस्ट सोपी आहे. संध्याकाळी मोटर आणि डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करून प्रायमिंगच्या नरसाळ्यात (पंप पाण्याने भरून घ्यायच्या) काठोकाठ पाणी भरून ठेवा, सकाळी पातळी उतरलेली दिसली तर फूटवॉल गळतोय. आणि डिलिव्हरीला एनआरव्ही (पाणी मागे न येऊ देणारा व्हॉल्व्ह) असेल तर तोही तपासा, दोघांपैकी एक जरी चांगला बसत असेल तरी लाईन भरलेली राहते.

सक्शनची बाजू थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलणारे भरपूर आहेत. पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते, आणि समुद्रसपाटीला ही हवा जास्तीत जास्त १०.३ मीटर पाणी उभं धरू शकते, आपल्या पठारावर त्याहून कमी. त्यातून पाइपातलं घर्षण आणि पंपाची गरज वजा केली की २० फुटांच्या पुढे मोटर कुरकुरायला लागते, आत खडे फिरल्यासारखा आवाज येतो, तो इंपेलर खाल्ला जातोय त्याचा आवाज. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटर खाली घ्या, दुसरा इलाज नाही. आणि सक्शनच्या जॉईंटची गळती कोरडी असते, पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून डोळ्याला दिसत नाही. मोटर चालू असताना जॉईंटवर ओला चिखल थापून बघा, चिखल आत ओढला गेला किंवा गेजचा काटा स्थिर झाला की सापडला.

आणखी एक गोष्ट जी ह्या हवेमुळेच होते ती म्हणजे पाइप फुटणं, ह्याच्यावर मात्र नीट बोलायला पाहिजे. आमचा पाइप वर्षातून दोन-तीनदा फुटायचा आणि दर वेळी लाईट गेल्या-आल्यावर. वाहतं पाणी एकदम अडवलं की त्याचा वेग दाबात बदलतो. रशियात झुकोव्हस्कीने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर प्रयोग करून १८९८ साली हे गणित मांडलं. पीव्हीसीत हा धक्का सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास पळतो, आणि आमच्या लाईनीतला १.३ मीटर वेग एकदम थांबवला तर साडेचार किलोच्या वर जादा दाब येतो. आधीचे ४.७ धरा, झाले नऊच्या वर, पाइप सहा किलोचा. धक्का ९०० मीटर जाऊन परत यायला पाच सेकंद लागतात, म्हणजे व्हॉल्व्ह पाच सेकंदांच्या आत फिरवून बंद केला तर पूर्ण धक्का बसणार. म्हणून बंद करायला अर्धं मिनिट तरी घ्या, शेवटचा चौथा हिस्सा तर अगदी सावकाश, कारण खरी अडवणूक तिथेच होते.

रात्रीचा खरा गुन्हेगार ऑटोस्विच, लाईट आली की आपोआप मोटर सुरू करणारा. लाईट गेली, लाईन अर्धी रिकामी झाली, लाईट आली आणि ऑटोस्विचने फुल व्हॉल्व्हवर मोटर सुरू केली. पाणी रिकाम्या पाइपात धावत सुटतं, पुढे हवेची गाठ दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी उसळते, आणि सर्वात कच्चा जॉईंट जातो. आम्ही आता डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पाव उघडा ठेवून मोटर सुरू करतो आणि धार स्वच्छ झाल्यावर पूर्ण उघडतो. आमच्या लाईनीत ३४०० लिटर पाणी मावतं, पूर्ण रिकामी असेल तर असं सावकाश भरायला पाऊण तास जातो, हे खरंय. पण फूटवॉल घट्ट असेल तर लाईन भरलेलीच असते आणि पाच मिनिटांत काम होतं. रात्री उठणं होत नसेल त्यांनी ऑटोस्विचला निदान वेळ लावून उशिरा सुरू होणारं टायमर लावा, म्हणजे लाईट दोन-तीनदा लपंडाव खेळली तरी मोटर लगेच लाईनीला धक्का देणार नाही.

हे सगळं होऊन तोंडाला ५ लिटर येऊनही शेवटच्या सरीत पाणी पोचत नव्हतं, ते मग पाटात सापडलं. तिथेही मोजूनच. पत्र्याचा तुकडा घेऊन त्यात बरोबर काटकोनाची व्ही खाच कापली, पाटात आडवी रोवली, बाजूने चिखल लावून पाणी फक्त खाचेतूनच जाईल असं केलं. खाचेच्या टोकापासून मागच्या पाण्याची पातळी १० सेंटिमीटर असेल तर साधारण ४.४ लिटर, साडेदहा असेल तर ५, आठ असेल तर फक्त अडीच. पट्टी पत्र्याला चिकटवून बघू नका, तिथे पाणी वाकतं, हातभर मागे बघा. आमच्याकडे पाटाच्या सुरुवातीला साडेदहा आणि शेवटाला आठ. अडीच सेंटिमीटरचा फरक डोळ्याला काहीच वाटत नाही आणि निम्मं पाणी वाटेत मुरत होतं! उंदराची दोन बिळं आणि मधल्या टप्प्यात दाट हराळी, हराळीने पाण्याचा वेग मारला, वेग मेला की पातळी चढते, पातळी चढली की काठावरून आणि बिळातून पाणी बाहेर. हराळी खुरपून काढली, बिळं चोपून बंद केली, शेवटाला साडेनऊ आलं. उरलेलं जे मुरतंय त्यासाठी पाट काढून तिथे पाइप टाकायचा विचार आहे, ९० एमएमचाच.

दर महिन्याच्या पहिल्या पाळीला ड्रमचे सेकंद आणि गेज मी मोटरीच्या पेटीच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवतो. गेल्या पाळीला ४१ आणि ४.७.